एका प्रश्नाचा दोन शतकांचा तपास

उत्क्रांती, आनुवंशिकता आणि दृष्टी या तीन विषयांत नित्य प्रसिद्ध होणाऱ्या संशोधनाचा मागोवा घेऊ पाहणाऱ्या जिज्ञासू वाचकाची आज मोठी तारांबळ उडते. कारण बातमी त्याला निष्कर्ष सांगते, पण तो निष्कर्ष कोणत्या जुन्या प्रश्नाला दिलेला आहे आणि त्याने पूर्वीचे कोणते उत्तर रद्द ठरविले, हे बहुधा सांगत नाही. अशा वाचकाने बातम्यांच्या पाठीमागे धावण्यापेक्षा एखादाच प्रश्न हाती धरावा, त्याचे जुने दफ्तर उलगडून पाहावे आणि तो आजमितीस कोठवर आला आहे याची वास्तपुस्त ठेवावी, असे मला मनापासून वाटते. काही माणसांना तांबड्या आणि हिरव्या रंगांतील भेद का उमगत नाही, हा असाच एक प्रश्न असून हे तिन्ही विषय त्याच्या पोटात एकत्र नांदतात.

या प्रश्नाची शास्त्रीय कैफियत अणुसिद्धांताचा प्रणेता जॉन डाल्टन याने ३१ ऑक्टोबर १७९४ रोजी मँचेस्टरच्या साहित्य व तत्त्वज्ञान मंडळापुढे सादर केली. दिवसाच्या प्रकाशात आपल्याला आकाशासारखे निळे दिसणारे जिरेनियमचे गुलाबी फूल मेणबत्तीच्या उजेडात साफ पालटून तांबडे भासते, हे त्याच्या १७९२ साली ध्यानात आले. इतरांना हा पालट जाणवेना, परंतु त्याच्या सख्ख्या भावाला मात्र तो तसाच दिसला. यावरून डाल्टनने असे अनुमान बांधले की, आपल्या नेत्रगोलातील काचाभ द्रव निळसर असला पाहिजे आणि तोच तांबडे किरण शोषून घेत असला पाहिजे. मृत्यूनंतर आपले डोळे उघडून या अनुमानाची शहानिशा करावी, अशी तजवीजही त्याने करून ठेवली. २७ जुलै १८४४ रोजी तो निवर्तला, आणि त्याचा वैद्य जोसेफ रॅन्सम याने दुसऱ्याच दिवशी एका डोळ्यातील द्रव काचेच्या तबकडीत ओतून पाहिला, तेव्हा तो नितळ निघाला. दुसऱ्या डोळ्याचा मागचा भाग कापून रॅन्समने त्यातून तांबड्या व हिरव्या वस्तू न्याहाळल्या, तेव्हा त्यांच्या रंगांतही काही फरक आढळला नाही. अनुमान खोटे ठरले. डोळे मात्र जपून ठेवण्यात आले.

दोष द्रवात नसून दृष्टिपटलात असावा, असा कयास टॉमस यंग याने डाल्टनच्या हयातीतच, १८०७ साली, मांडला होता; परंतु त्याची रुजुवात व्हावयास आनुवंशिकतेच्या शास्त्राची वाट पाहावी लागली. १९८६ साली जेरेमी नेथन्स व त्याच्या सहकाऱ्यांनी मानवी रंगदृष्टीची जनुके वेगळी केली, तेव्हा असे दिसून आले की, तांबड्या व हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या रंगद्रव्यांची जनुके एक्स गुणसूत्रावर अगदी शेजारी शेजारी वसलेली असून त्यांपासून घडणाऱ्या प्रथिनांतील अमिनो आम्लांची मांडणी सुमारे ९६ टक्के एकसारखी आहे. इतक्या साम्यामुळे बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांची देवाणघेवाण सरळ न जुळता घसरते, आणि एखाद्या गुणसूत्राच्या वाट्याला एक जनुक कमी येते. पुरुषाजवळ एक्स गुणसूत्र एकच असल्याने त्याची भरपाई होत नाही. म्हणूनच युरोपीय वंशाच्या पुरुषांत हा दोष सुमारे ८ टक्के, तर स्त्रियांत जेमतेम अर्धा टक्का आढळतो. डाल्टन बंधूंची साक्षही येथे उलगडते. दोघांनाही तेच गुणसूत्र आईकडून मिळाले असले पाहिजे.

१९९५ साली लंडन व केंब्रिज येथील संशोधकांनी, ज्यांत जॉन मॉलन हे होते, डाल्टनच्या वाळलेल्या नेत्रावशेषांतून सूक्ष्म अंश काढून त्यातील डीएनए तपासला. यंगच्या मते डाल्टनच्या ठायी तांबड्या रंगाची संवेदना नव्हती. प्रत्यक्षात हिरव्या प्रकाशाचे जनुकच गैरहजर निघाले. दीडशे वर्षे उलटल्यावर, ज्या मनुष्याने स्वतःचा देह पुरावा म्हणून मागे ठेवला त्याचे आणि त्याच्या टीकाकाराचे, अशी दोन्ही अनुमाने एकाच तपासात दुरुस्त झाली.

ही दोन जनुके जुळ्यांसारखी का, याचे उत्तर उत्क्रांती देते. पक्षी व अनेक मासे दृष्टिपटलातील चार प्रकारच्या शंकुपेशींनी रंग पाहतात. सस्तन प्राण्यांच्या पूर्वजांनी दीर्घ काळ रात्रिंचर जीवन कंठताना त्यांतील काही गमावल्या, आणि बहुतेक सस्तन प्राणी आज दोनच प्रकारांवर निर्वाह करतात. आशिया व आफ्रिका खंडांतील माकडांच्या पूर्वजांत सुमारे ३ ते ४ कोटी वर्षांपूर्वी एका जनुकाची दुसरी प्रत तयार झाली आणि तिच्यात हळूहळू बदल होऊन तिसरा रंग हाती आला. दक्षिण अमेरिकेतील हाउलर माकडांत हाच प्रकार स्वतंत्रपणे घडला. पिकली फळे व कोवळी तांबूस पालवी हिरव्या पानांत चटकन दिसावी, हा त्याचा लाभ मानला जातो. परंतु कॉस्टा रिकातील कॅपुचिन माकडांच्या निरीक्षणांत असेही आढळले की, आसमंताशी रंग मिळवून दडलेले किडे टिपण्यात दोनच प्रकारच्या शंकुपेशी असलेली माकडे सरस ठरतात. जिला आपण सरसकट उणीव म्हणतो, तिचीही काही जमेची बाजू असते. रेल्वेच्या नोकरीसाठी ठिपक्यांत दडलेला आकडा न वाचता आल्याने नाउमेद झालेल्या तरुणाला ही माहिती कोणी तरी आपुलकीने सांगावयास हवी.

२००९ साली जे व मॉरीन नाइट्झ यांच्या प्रयोगशाळेने स्क्विरल जातीच्या दोन प्रौढ नर माकडांच्या दृष्टिपटलात निरुपद्रवी विषाणूच्या द्वारे मानवी जनुक पोहोचविले. त्यांतील एकाचे नाव डाल्टनच ठेवले होते. करड्या ठिपक्यांतील रंगीत ठिपके ओळखून पडद्याला स्पर्श केला की फळांचा रस मिळे, अशी चाचणी होती; आणि सुमारे पाच महिन्यांनी, पूर्वी न ओळखता येणारे तांबडे व हिरवे ठिपके ती ओळखू लागली. बाल्यातील संधी हुकली की मेंदू नव्या दृष्टीला पारखा होतो, या समजुतीला त्यामुळे मोठाच धक्का बसला. तरी माकडांतील यशावरून माणसांतील उपचार सिद्ध झाला, असे कोणी जाहीर केल्यास विवेकी वाचकाने ते तूर्त मान्य करू नये. प्रयोग कोणत्या प्राण्यावर झाला, किती प्राण्यांवर झाला आणि नेमके कोणते जुने मत त्याने हलविले, हे त्याने आधी विचारावे.

हे विचारण्याचे सामर्थ्य प्रश्नाचा इतिहास ठाऊक असल्यानेच येते. डाल्टनचे अनुमान चुकले म्हणून त्याचे महत्त्व घटत नाही. ते खोटे ठरू शकेल अशा रीतीने त्याने मांडले आणि ते खोडून काढण्याचे साधनही दिले, यातच त्याची थोरवी आहे. नव्या संशोधनाशी सांगड राखणे म्हणजे अखेरचे उत्तर पाठ करणे नव्हे, तर कोणते उत्तर कोणत्या पुराव्यावर उभे आहे आणि कोणत्या पुराव्याने ते ढळेल, हे ओळखत राहणे होय; आणि विज्ञानाची पदवी नसलेल्या मराठी वाचकालाही, एक प्रश्न निष्ठेने धरल्यास, ही योग्यता खचितच प्राप्त होते.