वारा सुटायच्या आत

पहाटे ४.५०. पुरुषोत्तमनगर. चारचा भोंगा होऊन गेलाय, पहिली पाळी आत गेलीय. जानेवारीतली थंडी. मुलगी नववीतली. ती बूट चढवते. डाव्या बुटाचा अंगठा आतून पार घासलाय. उजव्या पायानं झेप घेतली की डावा मागं फरफटतो, म्हणून आधी तोच जातो. दुकानात मात्र एकच बूट कोणी देत नाही.

५.१५. शहाद्याच्या रस्त्यानं धावणं. समोरून उसाचे ट्रॅक्टर येतात, एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या. मागं बैलगाड्या. सातपुडा तापी परिसर साखर कारखान्याच्या दिशेनं सगळी रांग सरकतेय. गाडीवान कानाला मफलर बांधून अर्धवट झोपेत. ही रस्त्याच्या कडेनं, मातीतून.

६.२०. मोकळ्या जागेत चुन्यानं आखलेलं बॅडमिंटनचं कोर्ट. रात्रीतून चिपाडाच्या राखेचे काळे कण पडलेत, वर दव. पप्पा खराटा मारतात, ती गोणपाटानं ओल टिपते. घसरलं तर गुडघा जातो.

६.४५. उजाडतंय. वारा नाही. दिवसातला खरा खेळ होतो तो एवढाच. आठनंतर वारा सुटतो आणि फूल कुठंही जातं. सोळा पिसांचं फूल जेमतेम पाच ग्रॅमचं, ते उघड्यावर परवडत नाही. म्हणून नायलॉनचं. त्यातही लाल पट्टीचं वेगवान असतं, थंडीत तेच हवं. दुकानात निळंच होतं. ते या गारठ्यात आखूड पडतं. ती जोर वाढवते, खांदा दुखतो.

पप्पा जुन्या डब्यातून एकामागून एक फुलं टाकतात. नेटजवळ, मागच्या कोपऱ्यात, पुन्हा नेटजवळ. वीस झाली की थांबायचं, वेचायची, पुन्हा वीस. पप्पा स्वतः कधी खेळले नाहीत, पण फूल टाकायला चांगले शिकलेत.

७.४०. ताड्‌कन आवाज. तार तुटली. आजचा खेळ संपला.

८.३०. कळण्याची भाकरी, ठेचा, दूध.

९.००. गटिंग, म्हणजे रॅकेटला नवी तार ओढणं. या दिवसातलं मला सर्वांत आवडलेलं काम. पप्पा कारखान्यात हंगामी फिटर. गटिंगचं मशीन घरी नाही. बाहेर द्यायचं तर मजुरी, आणि रॅकेट दोन दिवस अडकते. म्हणून त्यांनी फळीवर खुंट्या ठोकून फ्रेम आवळायची सोय केलीय. हत्यारं तीन: आरी, पक्कड, हुकाचा ताणकाटा. दहा मीटर तार. आधी उभ्या बावीस, मधून सुरुवात, एक डावी, एक उजवी. एकाच बाजूनं ओढत गेलं तर फ्रेम वाकते. वीस पौंड म्हणजे नऊ किलो. काटा नऊवर आला की आरी भोकात खुपसायची, तार धरून ठेवायची, पुढची ओढायची. आडव्या तारा एक वरून, एक खालून. बोटांना चरे पडतात. पावणेदोन तास लागतात. शेवटची गाठ मारून ते तळहातावर तारा वाजवून बघतात. मशीनएवढं सारखं होत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे.

११.००. ती शाळेत. १२.०० वाजता भोंगा, पप्पा दुसऱ्या पाळीला. फिटरला हंगामात पगार पुरा. गाळप थांबलं की रिटेन्शन भत्त्यावर भागवायचं. बूट घ्यायचे तर मार्चच्या आत.

५.३०. वारा आहेच. रॅकेट नाही, दोरीवरच्या उड्या. मग कोर्टाच्या सहा कोपऱ्यांना नुसतं जाऊन यायचं, हातात काही न घेता. रस्त्यावरची पोरं हसतात. ती मोजत राहते.

७.००. अभ्यास. वहीच्या मागच्या पानावर हिशेब: नंदुरबारला जायचं एसटीचं अर्धं तिकीट, प्रवेश फी, फुलं. ‘बूट’ लिहून पुढची जागा कोरी.

८.२०. पप्पा परत. उरलेल्या डेटावर एक सामना. सप्टेंबर २०२४, चायना ओपन, उपांत्यपूर्व फेरी. नागपूरची मालविका बनसोड विरुद्ध अकाने यामागुची. मालविका २१-१०, २१-१६ अशी हरली. मुलगी तो यामागुचीच्या पायांसाठी बघते. उंची एकशे छप्पन सेंटीमीटर, तरी कोपरा रिकामा सापडत नाही. फुकुई प्रांतातल्या कात्सुयामा या बर्फाळ, लहानशा गावची पोर. मोठ्या शहरातल्या नामांकित शाळेत न जाता गावातच शिकली. २०१३ आणि २०१४ ला ज्युनियर जगज्जेती, पुढं २०२१, २०२२ आणि २०२५ ला जगज्जेती.

“त्यांच्या गावात वारा नसेल?” पप्पा विचारतात.

“हॉलमध्ये खेळतात, पप्पा.”

८.४५. डेटा संपतो.

“सोमवारपासून माझी पहाटची पाळी. फूल कोण टाकेल?”

“आई टाकेल.”

“नेटवरून जाईल का तिच्यानं?”

“हळू बोला. ऐकतेय ती.”

“ऐकू दे,” आतून आवाज येतो. “आधी तो डबा कुठं ठेवलाय ते सांगा.”