व्हिडिओ कोणी बघत नाही? मग त्याचा ऑडिओ करा!



आपल्या बॅचमधल्या एका ताईंचा पापडाचा व्यवसाय आहे. हाताखाली सहा बायका. पीठ किती घट्ट हवं, पापड केवढा लाटायचा, पॅकिंगआधी काय तपासायचं, हे सगळं त्यांनी वीस मिनिटांच्या व्हिडिओत छान सांगितलं आणि ग्रुपवर टाकलं. आठवड्याने विचारलं, तर एकीनेही तो पूर्ण बघितला नव्हता!

कारण साधं होतं. लाटताना हात पिठात आणि डोळे पोळपाटावर. रात्री घरी मोबाईल मुलांच्या हातात, वर डेटाही संपलेला. कान मात्र दिवसभर मोकळेच! म्हणून आम्ही त्या व्हिडिओचा ऑडिओ केला.

आधी हिशोब बघा

मोबाईलवर फुल एचडीत शूट केलेला वीस मिनिटांचा व्हिडिओ सहज एक-दोन जीबीचा होतो. ऑडिओचा आकार ठरतो बिटरेटवर, म्हणजे एका सेकंदाला किती डेटा लागतो त्यावर. 64 केबीपीएस भागिले 8, म्हणजे सेकंदाला 8 केबी. वीस मिनिटांचे 1200 सेकंद. झाले 9.6 एमबी! साध्या ईमेलनेही जाईल.

नुसतं बोलणं असेल तर 64 केबीपीएस आणि मोनो पुरेसं आहे. मागे संगीत असेल तर 128 घ्या, फाईल दुप्पट होईल. उगाच 320 निवडू नका. मूळ आवाजच खरखरीत असेल, तर मोठ्या आकड्याने तो सुधारत नाही.

करायचं कसं?

कॉम्प्युटरवर व्हीएलसी प्लेयर घ्या. तो फुकट आहे, फक्त त्याच्या अधिकृत साइटवरूनच उतरवा.

1. ‘मीडिया’ मेनूमध्ये ‘कन्व्हर्ट / सेव्ह’ निवडा आणि आपला व्हिडिओ जोडा.
2. प्रोफाइलमध्ये ‘ऑडिओ – एमपीथ्री’ घ्या.
3. शेजारच्या पान्याच्या चिन्हावर क्लिक करून बिटरेट 64 आणि चॅनल 1 करा.
4. फाईलला नाव द्या, ‘स्टार्ट’ दाबा.

एएसी हा फॉरमॅट तेवढ्याच आकारात एमपीथ्रीपेक्षा सहसा चांगला ऐकू येतो. पण एमपीथ्री साध्या बटणाच्या फोनवर, टेम्पोतल्या पेनड्राइव्हवर, जुन्या स्पीकरवर, सगळीकडे चालतो. आपला माणूस कशावर ऐकणार आहे, ते बघून ठरवा.

इथे लोक चुकतात

ग्रुपवर फिरून आलेल्या व्हिडिओचा ऑडिओ करू नका. प्रत्येक वेळी दाबताना आवाजातलं थोडं काहीतरी जातंच, आणि गेलेलं परत येत नाही. नेहमी मूळ फाईल वापरा. ती हरवली असेल आणि व्हिडिओ तुमच्या चॅनलवर असेल, तर यूट्यूब स्टुडिओमधून स्वतःचा व्हिडिओ उतरवता येतो.

‘लिंक टाका, एमपीथ्री मिळवा’ म्हणणाऱ्या साइट्सपासून लांब राहा. फसव्या जाहिराती आणि नको ती ॲप्स तिथूनच फोनमध्ये घुसतात. आणि दुसऱ्याचा व्हिडिओ विनापरवानगी उतरवून धंद्यात वापरणं यूट्यूबच्या नियमांत बसत नाही, कॉपीराइट कायद्यातही अडचणीचं ठरतं. इंटरनेटवर दिसतंय म्हणजे ते फुकटचं नसतं. माल आपला, तर आवाजही आपलाच हवा!

सगळ्यात महत्त्वाचं

ताईंचा पहिला ऑडिओ फसला. का? व्हिडिओत त्या म्हणत होत्या, “हे बघा, एवढं घ्यायचं.” एवढं म्हणजे केवढं? ऐकणारीला कसं कळणार! मग त्यांनी तेवढा भाग पुन्हा रेकॉर्ड केला: “लिंबाएवढी लाटी घ्या, वजन करून बघा.” म्हणजे ऑडिओ करण्याआधी आपला व्हिडिओ एकदा डोळे मिटून ऐका. जिथे अडखळाल, तिथे शब्द कमी पडलेत.

आता त्यांच्याकडे सकाळी काम सुरू होताना स्पीकरवर हाच ऑडिओ लागतो. नवीन बाई आली तरी ताईंना पहिल्यापासून सगळं सांगावं लागत नाही.

आजचं होमवर्क: तुमच्या धंद्यातली जी गोष्ट तुम्ही रोज कोणाला तरी सांगता, ती पाच मिनिटांत रेकॉर्ड करा. 64 केबीपीएसवर फाईल होईल फक्त 2.4 एमबीची. उद्यावर ढकलू नका, आजच करा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.