वूल्सथॉर्पचा सातबारा

पुण्यात आयुका या खगोलसंशोधन संस्थेच्या आवारात न्यूटनचा पुतळा आहे. याच आवारात एके काळी सफरचंदाची काही झाडं लावली होती, न्यूटनच्या अंगणातल्या झाडाच्या वंशातली. त्यांना फळंही धरली. पण सफरचंदाला हिवाळाभर कडक थंडी लागते आणि पुण्याची थंडी म्हणजे स्वेटरापुरती. झाडं गेली. ती गेल्याचं कळलं तेव्हापासून मूळ झाड बघायचं डोक्यात होतं. शेवटी इंग्लंडात लिंकनशर परगण्यातल्या वूल्सथॉर्पला गेले ती झाडासाठी, आणि अडकले तिथल्या न्यूटनच्या घराच्या मालकीच्या कागदांत.

‘मॅनर’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे राजवाडा येतो. हे घर तसं नाही. चुनखडीच्या करड्या दगडाचं, दुमजली, जाड भिंतींचं, बेताच्या खिडक्यांचं शेतकऱ्याचं घर. मॅनर म्हणजे घर, जमीन आणि गावावरचे काही हक्क, असं सगळं मिळून. कोकणातल्या खोतीशी त्याचं थोडं नातं लागेल. न्यूटनच्या आजोबांनी, रॉबर्ट न्यूटननी, १६२३ साली ही मॅनर विकत घेतली आणि १६३९ मध्ये ती मुलाच्या नावे केली. या मुलाचं नाव आयझॅकच. त्याला सहीही करता येत नव्हती, पण त्याच्यामागे २३४ मेंढ्या आणि ४६ गुरं निघाली. १६४२ च्या ऑक्टोबरात तो वारला आणि त्याच वर्षी, त्या वेळच्या इंग्लिश पंचांगाप्रमाणे नाताळच्या दिवशी, मुलगा जन्मला. म्हणजे वारस जन्माला यायच्या आधीच वारसा उघडा पडला होता.

आई हॅना हिने दुसरं लग्न केलं ते शेजारच्या गावच्या वयस्क धर्मगुरूशी. ती त्याच्या घरी गेली, तीन वर्षांचा मुलगा आजीपाशी राहिला. पण लग्नाच्या बोलणीत हॅनाने मुलाच्या नावे जमीन लिहून घेतली आणि या घराची डागडुजीही करून घेतली. या बाईबद्दल चांगलं फारसं कुणी लिहीत नाही. तिने मुलाला दूर ठेवलं, हे खरंच. पण जे टिकलं त्यातलं बरंच तिने टिकवलं.

सतराव्या वर्षी तिने मुलाला शाळेतून काढून शेतीला लावलं. त्याचा निकाल दप्तरात आहे. २८ ऑक्टोबर १६५९ रोजी मॅनरच्या न्यायसभेने न्यूटनला दंड केला: मेंढ्या दुसऱ्याच्या रानात घुसल्या म्हणून ३ शिलिंग ४ पेन्स, डुकरं पिकात गेली म्हणून १ शिलिंग, कुंपण मोडकं ठेवलं म्हणून आणखी १. पुस्तकात डोकं घालून बसलेला पोरगा आणि वाट फुटेल तिकडे निघालेल्या मेंढ्या, असं चित्र त्या नोंदीतून समोर उभं राहतं. पुढे १६६१ मध्ये तो केंब्रिजला गेला. प्लेगमुळे विद्यापीठ बंद पडलं तेव्हा परत याच घरी आला, आणि १६६५ ते १६६७ या काळात प्रकाश, गणित, गुरुत्वाकर्षण यांवरचा विचार इथे मुरला.

१६७९ मध्ये आई गेल्यावर न्यूटन मॅनरचा मालक झाला आणि मरेपर्यंत राहिला. १७२७ मध्ये तो गेला तेव्हा मृत्युपत्र नव्हतं. आयुष्यभर मोजमाप करणाऱ्या माणसाने एवढी एक मोजणी अर्धवट ठेवली याचं मला वाईट वाटतं. सुमारे ३२,००० पौंडांची जंगम मालमत्ता त्याच्या आठ सावत्र भाचे-पुतण्यांत वाटली गेली. पण जमिनीचा कायदा वेगळा. जमीन न्यूटन घराण्याच्याच रक्तात राहायला हवी. चुलत्याच्या वंशातला जॉन न्यूटन कायद्याने वारस ठरला. त्याला नाद दारूचा, घोड्यांच्या शर्यतींचा, कोंबड्यांच्या झुंजींचा. पाचच वर्षांत, १७३२ साली, त्याने मॅनर विकून टाकली. वर्षभरात पुन्हा विक्री होऊन ती जवळच्याच स्टोक रॉचफर्डच्या एडमंड टर्नरकडे आली. टर्नरांनी ती दोनशे वर्षांहून अधिक काळ ठेवली. कुळं घरात राहिली, शेती चालू राहिली, आणि १७९८ मध्ये जन्माच्या खोलीत संगमरवरी पाटी बसली. १९४३ मध्ये रॉयल सोसायटीने पिलग्रिम ट्रस्टच्या मदतीने घर विकत घेऊन जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टच्या हवाली केलं.

आता झाड. ‘फ्लॉवर ऑफ केंट’ जातीचं, शिजवून खायच्या सफरचंदाचं. न्यूटनने म्हातारपणी, १७२६ च्या एप्रिलात, लंडनच्या बागेत चहा घेताना आपला स्नेही विल्यम स्टुकली याला फळ पडल्याची गोष्ट सांगितली. १८२० च्या सुमारास वादळात झाड आडवं झालं. पण मुळाचा धागा तुटला नव्हता. पडल्या खोडातून ते पुन्हा फुटलं आणि आजचं वाकडंतिकडं झाड तेच आहे. सफरचंदाची बी पेरून तीच जात मिळत नाही. कलमच बांधावं लागतं, आपल्या हापूससारखं. म्हणून जगभरातली ‘न्यूटनची झाडं’ ही त्याची लेकरं नव्हेत, तेच झाड आहे, दुसऱ्याच्या मुळांवर उभं.

भोवती विणलेल्या काटक्यांचं बुटकं कुंपण आहे. झाड बघायला येणाऱ्यांच्या पायांनी मुळांवरची माती दाबली जाते, तिच्यात हवा-पाणी शिरत नाही, म्हणून. केंब्रिजच्या वनस्पती उद्यानातलं याचंच कलम २०२२ च्या फेब्रुवारीत वादळाने पाडलं. तिथल्या माळ्यांनी आधीच त्याच्या काड्या काढून ठेवल्या होत्या. वूल्सथॉर्पच्या झाडालाही तीनशेहून जास्त वर्षं झाली असं मानतात. सफरचंदाच्या मानाने हे वय फारच झालं. मालकांची नावं कागदावर बदलत गेली तरी जमीन जागची हलली नाही. झाडाचं तसं नाही, त्याला दर पिढीला नवा हात लागतो.

मी गेले तेव्हा पाऊस भुरभुरत होता. कुंपणाबाहेर एक छोटी मुलगी टाचा उंचावून उभी होती. गवतात पडलेल्या एका फळाकडे बोट दाखवून ती वडिलांना काहीतरी विचारत होती. कुंपणाच्या आत हात घालायला मनाई होती. ते फळ तसंच पडलेलं राहिलं.