आपत्तीची यादी कोण ठरवते?

वीज, उष्णतेची लाट आणि अवेळी पाऊस ही शेतीवरील हवामान-संकटे देशभर परिचयाची आहेत. तथापि २०२१ ते २०२६ या कालावधीसाठीच्या केंद्रीय नियमांतील अधिसूचित आपत्तींत या तिन्हींपैकी एकाचाही समावेश नव्हता. दुष्काळ, पूर, चक्रीवादळ, गारपीट, ढगफुटी, कीड-प्रादुर्भाव, शीतलहर अशा एकूण बारा आपत्तींनाच राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून थेट मदत मिळू शकत होती. पीक हातचे गेले तरी ते कोणत्या कारणाने गेले, यावर मदत अवलंबून राहते ती अशी.

या विसंगतीचे मूळ राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत आहे. शेती, पाणी आणि जमीन हे विषय राज्यसूचीत आहेत. वने १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत आली. आंतरराष्ट्रीय करारांची अंमलबजावणी करण्यासाठी अनुच्छेद २५३ अन्वये संसद राज्यांच्या विषयांवरही कायदा करू शकते. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा याच आधारावर उभा राहिला. हवामान बदल हा विषय मात्र कोणत्याही सूचीत नाही, आणि आपत्ती व्यवस्थापनही नाही. त्यामुळे २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा करताना संसदेला समवर्ती सूचीतील 'सामाजिक सुरक्षा' या नोंदीचा आधार घ्यावा लागला. हवामान बदलावर सर्वसमावेशक केंद्रीय कायदा अद्याप नाही. माळढोक पक्ष्याच्या संरक्षणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क अनुच्छेद १४ व २१ मधून मान्य केला. तो हक्क बांधापर्यंत कोणत्या यंत्रणेने पोचवायचा, हे त्यातून ठरलेले नाही.

व्यवहारात निर्णायक ठरतो तो निधी. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत केंद्राचा वाटा ७५ टक्के व राज्याचा २५ टक्के असतो. ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांसाठी हे प्रमाण ९० आणि १० आहे. यातील वार्षिक तरतुदीच्या १० टक्क्यांपर्यंतची रक्कम राज्ये स्थानिक आपत्तींसाठी वापरू शकतात, मात्र त्या आपत्ती राज्याने आधी घोषित केलेल्या असाव्या लागतात. ओडिशाने वीज व उष्णतेची लाट, केरळने वीज व किनाऱ्याची धूप अशा आपत्ती याच मार्गाने आपल्या यादीत आणल्या. महाराष्ट्राच्या यादीत अवेळी पाऊस, अतिवृष्टी, वीज कोसळणे आणि समुद्राचे उधाण आहे. २०२३ मध्ये त्यात सततच्या पावसाची भर पडली. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पावसाची अट पूर्ण न होताही आठवडाभराच्या रिपरिपीने सोयाबीन कुजते, हे शेतकऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. शासकीय यादीत ते उशिरा आले, पण आले. राज्यस्तरावर अधिकार असण्याचा हा खरा लाभ होय. दहा टक्क्यांची मर्यादा मात्र तोकडी आहे. जेथे संकटांचे स्वरूपच बदलत आहे, तेथे जुन्या यादीला मोठा वाटा व नव्या संकटांना उरलेसुरले, ही वाटणी न्याय्य म्हणता येणार नाही.

पीकविम्यातही हेच दिसते. प्रधानमंत्री पीकविमा योजनेत अनुदानाचा भार सर्वसाधारणपणे केंद्र व राज्य निम्मा-निम्मा उचलतात. खरीप २०२० पासून केंद्राने आपला वाटा जिरायती पिकांसाठी ३० टक्के व बागायती क्षेत्रासाठी २५ टक्के विमा दरापर्यंतच मर्यादित केला. जोखीम अधिक असलेल्या जिल्ह्यांत विमा दर त्याहून चढला, तर वरचा भार राज्यावर पडतो. बिहारने त्याआधीच, २०१८ मध्ये, स्वतःची पीक साहाय्य योजना सुरू केली होती. राज्याचा हिस्सा थकला की दाव्यांची रक्कमही लांबते.

तळाच्या स्तरावर चित्र आणखी वेगळे आहे. अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांची सुरुवातच 'शेती व कृषी विस्तार' या नोंदीने होते, परंतु आपत्तीची यादी किंवा निकष ठरवण्यात ग्रामपंचायतीला स्थान नाही. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेच्या पुढाकाराने जिल्हानिहाय पीक आकस्मिकता आराखडे तयार झाले आहेत. पाऊस लांबल्यास कोणते वाण, कोणते आंतरपीक, हे त्यात आहे. खरीपपूर्व ग्रामसभेत ते वाचले गेल्यास निर्णय वेळेवर होतील. नुकसानीनंतर ३३ टक्क्यांची अट पंचनाम्यातूनच सिद्ध होते. तेथे कारण नोंदवताना 'पावसाने नुकसान' एवढेच न लिहिता अतिवृष्टी, सततचा पाऊस की पूर, हे तारखेसह नमूद करणे आवश्यक आहे. अर्ज कोणत्या यादीत बसतो, हे त्या एका ओळीवरून ठरते.