तंबोरा पुन्हा खाली उतरला

माझ्या शिकवणीस येणाऱ्या एका बाईंनी गेल्या वर्षी गाणे सोडले. वय ४५, गळा गोड. गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झाली, मागोमाग वजन वाढले, आणि चारचौघांत बसून गाण्याची त्यांना लाज वाटू लागली. घरी मात्र एकच शेरा : ‘बसून खाल्ले की असेच व्हायचे!’

हा शेरा अन्यायाचा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांत सुमारे ३ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्यानंतर सुमारे ६ आठवडे जड उचलायचे नसते, हालचाल मंदावते. बीजांडकोशही काढले असतील तर ऋतुनिवृत्ती एकाएकी येते. इस्ट्रोजेन घटते आणि चरबी पोटाभोवती साठू लागते.

अशा वेळी आपली मराठी घरे बाळंतिणीसारखे डिंकाचे लाडू चारतात! बाळंतीण अंगावर पाजते, तिची भूक निराळी. येथे पाजायचे कोणाला?

बाईंना मी म्हटले, ‘बीजांडकोश ठेवले की काढले, हे डॉक्टरांना विचारा. त्यांच्या संमतीने कमाटीबागेत फेरी घाला, पुढे स्नायूंना बळ देणारा व्यायाम करा. लाडवाऐवजी उसळ घ्या. तंबोरा खाली काढा.’ माझे वडील म्हणत, आधी श्वास, मग सूर.

वजन थोडेच उतरले. पण दम पुरू लागला. गेल्या महिन्यात बाई घरच्या बैठकीत यमन गायल्या.

घरच्या मंडळींनी शेरा मारण्यापूर्वी त्यांच्याबरोबर बागेत एक फेरी घालावी, एवढेच सांगणे.