बी टीमचा हंगाम

एखाद्या शहरात खेळ रुजला की नाही, हे क्लबच्या कपाटातले चषक मोजून फारसं कळत नाही. त्या क्लबची बी टीम गेल्या हंगामात किती सामने खेळली, हे विचारलं की कळतं. नवी मुंबईत हा प्रश्न आज विचारायलाच हवा. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम २००८ साली सुरू झालं. तिथे २०१७मध्ये सतरा वर्षांखालील मुलांच्या फुटबॉल विश्वचषकाचे सामने झाले, २०२२मध्ये मुलींच्या त्याच स्पर्धेची अंतिम लढत झाली आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला तोही तिथेच. त्याच वर्षी जूनमध्ये खाडीपलीकडे अंधेरीच्या क्रीडासंकुलात रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम पार पडला. मोठा खेळ पाहायची सोय या शहराला भरपूर आहे. पण ज्याला राज्याकडून किंवा देशाकडून खेळायचं नाही, फक्त दर रविवारी सामना खेळायचा आहे, अशा माणसाला जागा देणारी व्यवस्था आपल्याकडे विरळ आहे. रग्बीला तर तिच्यावाचून गत्यंतर नाही. माझं म्हणणं असं, की मुंबई परिसरात रग्बी टिकवायची असेल तर नव्या लीगपेक्षा, नव्या स्टेडियमपेक्षा हौशी क्लबांच्या दुसऱ्या संघांची गरज जास्त आहे.

रग्बीच का, याचं उत्तर तिच्या नियमांतच आहे. मूळ खेळात एका बाजूला पंधरा खेळाडू असतात, सामना ऐंशी मिनिटांचा असतो आणि बाकावर आठ राखीव बसवता येतात. पण हे तेवीसजण एकमेकांच्या जागी सहज खेळू शकतील असे नसतात. स्क्रममध्ये दोन्हीकडचे आठ-आठ खेळाडू खांद्याला खांदा लावून एकमेकांना रेटतात. त्यांतल्या पुढच्या रांगेत दोन प्रॉप आणि मधला हूकर असे तिघे असतात. मान आणि पाठीच्या कण्यावर सगळा भार येतो, म्हणून त्या जागी तयारी नसलेला माणूस उभा करायला नियमच मनाई करतो. तेवीसजणांचा संघ उतरवायचा तर पुढच्या रांगेत खेळण्याचं शिक्षण घेतलेले किमान सहाजण त्यात असावे लागतात. दुखापतीमुळे ते कमी पडले, तर त्यानंतरचे स्क्रम रेटारेटीशिवाय, नुसते नावापुरते होतात. म्हणजे एक प्रॉप जायबंदी झाला आणि त्याच्या मागे कोणी तयार नसला, की खेळाचा गाभाच निघून जातो. त्यात परीक्षा, रात्रपाळी, घरचं लग्न, मुरगळलेला घोटा हे सगळं धरलं, तर दर आठवड्याला एक संघ बिनघोर उभा करायला पस्तीस-चाळीस माणसांचा क्लब लागतो. आता यातली वीसेक माणसं दर रविवारी नुसती बाकावर बसवून ठेवली, तर ती तिसऱ्या आठवड्यापासून यायची बंद होतात. त्यांना सामना द्यायचा, म्हणजेच दुसरा संघ काढायचा.

या दुसऱ्या संघाचा हंगाम असतो तरी कसा? ज्या देशांत हौशी रग्बी शे-दीडशे वर्षं चालू आहे, तिथली रीत पाहिली की तो डोळ्यांपुढे उभा राहतो. इंग्लंडमधल्या बहुतेक हौशी क्लबांत मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सराव असतो आणि शनिवारी सामना. गुरुवारी रात्री दोन्ही संघांची यादी लागते. शुक्रवारी पहिल्या संघातले दोघे-तिघे गळतात, की दुसऱ्या संघातली सर्वांत चांगली माणसं वर जातात. मग बी टीमचा कप्तान रात्री उशिरापर्यंत फोन करत बसतो. त्यामुळे या संघाला लागोपाठ दोन आठवडे तेच पंधरा खेळाडू क्वचितच मिळतात. एका शनिवारी पन्नास गुणांनी जिंकलेला संघ पुढच्या शनिवारी तेवढ्याच फरकाने हरू शकतो. समोरच्यांची माणसं जमली नाहीत म्हणून सामना रद्द होतो, कधी आपलीच जमत नाहीत. तेराजणांनिशी सुरुवात करायची, नाहीतर प्रतिस्पर्ध्यांकडून दोघे उसने घ्यायचे, हेही चालतं. गुणतक्त्यावर नजर ठेवणाऱ्याला हा हंगाम विस्कळीत वाटेल. पण मैदानावर कोण कोण आहे ते पाहा. शाळेतून नुकताच आलेला, अंगाने अजून न भरलेला अठरा वर्षांचा मुलगा आहे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा उतरलेला पहिल्या संघाचा खेळाडू आहे. आणि पस्तिशी ओलांडलेला, वेग गेलेला, पण स्क्रममध्ये डोकं कुठे ठेवायचं, मान कशी राखायची हे पक्कं ठाऊक असलेला जुना प्रॉप आहे. त्या मुलाला पुढच्या रांगेचं काम हाच माणूस शिकवतो. शिबिरात प्रशिक्षक तंत्र सांगू शकतो. सामना चालू असताना, दमलेल्या अवस्थेत, शेजारी उभं राहून ते करवून घेणारा लागतो तो दुसऱ्या संघातच भेटतो. ही सोबत पैशाने विकत मिळत नाही आणि कुठल्याही लिलावात तिची बोली लागत नाही.

मागची फळी नसली की काय होतं, याचा दाखला आपल्याच देशात आहे, तोही रग्बीच्या अगदी सुरुवातीच्या काळातला. कोलकात्यात २५ डिसेंबर १८७२ रोजी तिथल्या ब्रिटिश रहिवाशांनी रग्बीचा सामना खेळला आणि पुढच्याच महिन्यात कलकत्ता फुटबॉल क्लब स्थापन झाला. १८७४मध्ये इंग्लंडच्या रग्बी संघटनेचं सदस्यत्वही त्याला मिळालं. पण क्लबची बरीच भिस्त शहरात तळ ठोकून असलेल्या बफ्स या पलटणीवर होती. पलटणीची बदली झाली, उरलेले लोक टेनिस आणि पोलोकडे वळले, उकाड्याने नवे येईनात. १८७८मध्ये सभासदांनी क्लब मोडला. बँकेत शिल्लक होती ती चांदीच्या रुपयांत काढून घेतली, ते रुपये वितळवून एक देखणा चषक घडवला आणि विलायतेत पाठवला. नागाच्या आकाराचे तीन कान आणि झाकणावर हत्ती असलेल्या या कलकत्ता कपसाठी इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९पासून खेळत आले आहेत. रग्बीच्या जगात ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते. मला तिच्यात इशारा दिसतो. क्लबकडे पैसा होता, प्रतिष्ठा होती. पलटण गेल्यावर तिच्या जागी उभे राहतील असे स्थानिक, शिकाऊ, दुय्यम फळीचे खेळाडू मात्र त्याने तयार केले नव्हते. पाच-सहा वर्षांत सगळं आटोपलं.

मुंबईत रग्बीचं नाव निघालं की १८७५ साली स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्याचं मैदान डोळ्यांपुढे येतं. पावसाळ्यात तिथलं क्रिकेट थांबतं, जमीन मऊ होते आणि तिथे रग्बी सुरू होते. ही सांगड उत्तम आहे, पण तिची व्याप्ती लहान राहिली. तिच्याशेजारी मुंबईची कांगा लीग ठेवून पाहा. डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाने १९४८मध्ये सुरू झालेली ही क्रिकेट स्पर्धाही पावसाळ्यातलीच, ओल्या खेळपट्टीवरची. तिच्यात ‘ए’पासून ‘जी’पर्यंत सात गट आहेत. सर्वांत खालच्या गटातल्या संघालाही आपला हंगाम असतो, वर चढण्याची आशा असते, घसरण्याची भीती असते. मुंबईच्या क्रिकेटची कीर्ती ‘ए’ गटाने मिळवली असेल, पण ती दशकानुदशकं पेलली खालच्या गटांनी. आता रग्बी प्रीमियर लीगकडे वळू. पहिल्या हंगामात सहा संघ होते, सामने चौतीस झाले, चेन्नई बुल्सने विजेतेपद पटकावलं. दूरचित्रवाणीवर रग्बी दिसली, हे चांगलंच झालं. पण प्रत्येक संघात भारतीय खेळाडूंसाठी जागा होत्या पाच, म्हणजे साऱ्या देशासाठी तीस. त्या तिसांच्या मागे जे तीनशे, तीन हजार असायला हवेत, त्यांच्या रविवारची जबाबदारी लीग घेत नाही. ती तिच्याकडून मागणंही बरोबर नाही. ते काम क्लबांचं.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. २०१६मध्ये रिओला रग्बी ऑलिंपिकमध्ये परतली ती सात खेळाडूंच्या रूपात. सात मिनिटांचे दोन डाव, बारा-तेरा जणांचा चमू, एक-दोन दिवसांत अख्खी स्पर्धा. सरकारी मदत, पदकं, शालेय स्पर्धा सगळं याच प्रकाराभोवती फिरतं. रग्बी प्रीमियर लीगही सातांचीच. मग पंधरांच्या दोन-दोन संघांचं ओझं हवंच कशाला? आक्षेपात तथ्य आहे. नव्या शहरात सुरुवात सातांनीच करावी, यात वाद नाही. पण सातांच्या रग्बीला मैदान पंधरांएवढंच लागतं आणि तितक्या जागेत सातजणांनी धावायचं म्हणजे वेगाचीच चलती होते. जाडजूड, ताकदवान, कमी वेगाच्या मुलाला तिथे थारा मिळत नाही. पंधरांत मात्र बुटक्या, उंच, जड, चपळ अशा सगळ्यांना आपापलं काम असतं. साऱ्या शहरातून माणसं गोळा करायची तर हा फरक मोठा आहे. शिवाय सातांची रग्बी जन्मली तीच क्लबसाठी निधी उभारायला. १८८३मध्ये स्कॉटलंडमधल्या मेलरोज गावच्या क्लबला पैशांची चणचण होती, म्हणून तिथल्या नेड हेग या खाटकाने छोट्या संघांच्या स्पर्धेची कल्पना काढली. फिजीच्या पुरुषांनी रिओ आणि टोकियो इथली सुवर्णपदकं सातांत जिंकली, हे उदाहरण हमखास पुढे केलं जातं. पण फिजीत गावोगाव संघ आहेत. ऑलिंपिकच्या बारांमागे सबंध देशाची दुसरी-तिसरी फळी उभी आहे. माझं म्हणणं तिथे खोडलं जात नाही, उलट पक्कं होतं. भारतीय मुलींनी २०१९मध्ये मनिला इथे सिंगापूरला २१-१९ असं हरवून पंधरांच्या रग्बीतला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला. कर्णधार पुण्याची वाहबिज भरूचा होती. सोबतीला ओडिशा, बिहार, बंगालच्या मुली होत्या. मुली पंधरांना तयार आहेत, हे त्यांनी दाखवून दिलं. त्यांना दर आठवड्याला सामना कोण देणार, हा प्रश्न उरतोच.

दुसरा आक्षेप पालकांचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही: या खेळात डोक्याला मार लागतो. लागतो, हे खरं आहे. ब्रिटनमध्ये २०२३पासून हौशी खेळांसाठी लागू असलेली मार्गदर्शक सूचना सांगते की मेंदूला हादरा बसल्याची शंका आली तरी खेळाडूला तात्काळ बाहेर काढावं आणि किमान २१ दिवस त्याने सामना खेळू नये. आता ज्या क्लबकडे मोजून सोळाच माणसं आहेत, तिथे काय होईल? कप्तान म्हणेल, ‘बरं वाटतंय ना? मग उतर.’ मुलगाही हो म्हणेल, कारण आपल्यामुळे सामना रद्द व्हायला त्याला नको असतं. तीन आठवड्यांची विश्रांती कागदावरून प्रत्यक्षात यायला त्याच्या जागी दुसरा तयार असावा लागतो. दुसरा संघ असला तर परतीचा पहिला सामना कमी ताणाच्या पातळीवर खेळता येतो आणि कच्च्या मुलाला अंगाने दुप्पट माणसासमोर घाईघाईने उभं करावं लागत नाही. सुरक्षिततेसाठी विमा, रुग्णवाहिका यांची चर्चा होते, ती व्हावीच. पण माणसांची मुबलकता ही त्याआधीची गरज आहे.

आणि ‘इथे धड पहिले संघ नाहीत, दुसरे कुठून आणणार?’ असं म्हणणाऱ्यांनी नवी मुंबईकडे नीट पाहावं. १९७०मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे-रायगडमधल्या ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर आखलं गेलं. त्या गावांतल्या आगरी-कोळी पोरांच्या अंगात कबड्डी आहे. धावत्या माणसाला कमरेखाली धरून पाडायचं, खाली पडताना स्वतःला सांभाळायचं, दोघांनी मिळून एकाला रोखायचं, हे त्यांना शिकवावं लागत नाही. रग्बीच्या टॅकलचा निम्मा अभ्यास तिथेच झालेला असतो. खारघर, नेरूळ, वाशी, कोपरखैरणे इथे महाविद्यालयं आहेत. तिथून बाहेर पडलेल्या मुलांचा खेळ पदवीबरोबर संपतो, कारण पुढे जायला क्लब नसतो. मैदानं आखीव आहेत, पण त्यांवर एरवी क्रिकेटचा हक्क चालतो. जून ते सप्टेंबर मात्र तीच मैदानं बहुतांशी ओस पडतात आणि रग्बीला हाच काळ मानवतो, कारण कडक जमिनीवर पडणं धोक्याचं. एक अडचण खरी आहे. या शहराचा काही भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे, म्हणूनच तिथे धारण तलाव ठेवले आहेत. मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आला की मैदानात पाणी तुंबतं. तुंबलेल्या पाण्यात खरचटलेल्या अंगाने खेळणं म्हणजे लेप्टोस्पायरोसिसला आमंत्रण. म्हणून उंचावरची, निचरा होणारी मैदानं निवडावीत आणि पाणी साचलं असेल त्या रविवारी खेळ सक्त बंद ठेवावा.

महापालिका आणि सिडको यांना माझी मागणी एवढीच आहे: येत्या पावसाळ्यात निचऱ्याची दोन मैदानं रविवार सकाळसाठी रग्बीला द्या, काढता-घालता येतील असे गोलखांब बसवायला परवानगी द्या, आणि मैदान देताना एक अट घाला. जो क्लब पहिल्या संघाबरोबर दुसराही उतरवेल, त्यालाच तारीख मिळेल. सुरुवातीला सातांचे दोन संघ चालतील, पंधरांचे पुढे होतील. खाडीपलीकडच्या जुन्या क्लबांनीही नवी मुंबईत येताना आपली बी टीम घेऊन यावं. पहिल्या संघाचा प्रदर्शनी सामना आम्ही टाळ्या वाजवून पाहू, पण इथल्या पोरांना बरोबरीने खेळायला बी टीमच हवी आहे.