गोळी चालू असताना रक्ताची परीक्षा

चन्नबसवेश्वरांच्या समाधीमुळे उळवी हे गाव यात्रेकरूंना ठाऊक आहे. तेथून मोठा दवाखाना गाठायचा, तर अरण्यातला वळणांचा रस्ता तुडवावा लागतो. अशा गावातून रक्ततपासणीसाठी निघालेल्या माणसाचा दिवस आणि पैसा दोन्ही खर्ची पडतात. वेळ चुकल्यामुळे ती तपासणीच खोटी ठरावी, हे मनाला लागते. म्हणून आजचा हा विषय.

समजा, तेथील तिशीतल्या एका बाईंच्या पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली आणि डॉक्टरांनी वॉरफरिन दिले. आईलाही पूर्वी हाच विकार झालेला. तेव्हा दोष आनुवंशिक असावा, ही शंका रास्तच होय. परंतु गोळ्या चालू असतानाच रक्त काढले, तर काय होते?

‘रक्त पातळ करणारी गोळी’ असे आपण म्हणतो खरे, पण रक्त काही ताकासारखे पातळ होत नाही. वॉरफरिन यकृताला ‘के’ जीवनसत्त्वाचा उपयोग होऊ देत नाही. त्यामुळे रक्त गोठविणारे घटक अपुरे तयार होतात. मौज अशी, की गोठण्याला आवर घालणारी ‘सी’ आणि ‘एस’ ही प्रथिनेही याच जीवनसत्त्वावर अवलंबून असतात. साहजिकच ती कमी भरतात. हे न्यून गोळीचे असते, जन्माचे असेलच असे नाही. घरात मात्र मुलीच्या लग्नाची चिंता सुरू होते!

हेपारिनच्या सुईने अँटिथ्रॉम्बिन कमी दिसते. रिव्हरोक्सॅबनसारख्या नव्या गोळ्यांनी उलटही घडते: काही पद्धतींत खरी उणीव झाकली जाते. ताजी गुठळी स्वतःच ही द्रव्ये खर्च करते, आणि गर्भारपणात ‘एस’ प्रथिन कमी होतेच.

म्हणून वॉरफरिन थांबल्यावर निदान दोन आठवडे, ‘एस’साठी त्याहून अधिक काळ, वाट पाहतात. मात्र तपासणीच्या हौसेने गोळी आपल्या मनाने कदापि बंद करू नये. गुठळी सुटून फुप्फुसात गेली, तर प्राणावर बेतते. गोळी थांबविणे शक्यच नसेल, तर औषध न घेणाऱ्या जवळच्या नातलगाची तपासणी करता येते.

जनुकांची परीक्षा औषधाने बिघडत नाही. हॉलंडमधील लायडन येथे १९९४ साली सापडलेला ‘फॅक्टर पाच लायडन’ हा दोष तशा परीक्षेने कळतो. तो युरोपीय लोकांत बराच, आपल्याकडे पुष्कळ कमी. तेव्हा तो नसला, म्हणून ‘सी’, ‘एस’चा दोष नाही असे ठरत नाही. रक्ताच्या अशा विकारांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था मुंबईत परळला, केईएम रुग्णालयाच्या आवारात आहे. १९५७ साली ती रक्तगटांचे संदर्भ केंद्र म्हणून सुरू झाली.

हाड मोडल्यावर किंवा शस्त्रक्रियेनंतर गुठळी झाली असेल, तर बहुधा या तपासणीने उपचार बदलत नाहीत. तेव्हा ती हवीच का, हे डॉक्टरांना आधी विचारावे. हवी असेल, तर औषधाचे नाव आणि शेवटची गोळी कधी घेतली, हे चिठ्ठीवर लिहून रक्त काढणाऱ्याच्या हाती द्यावे.